जुन्या स्पोर्ट्स कारला फायबरचे फ्लेअर बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधून आणि आसपासच्या गावांतून जुन्या गाड्या जपणारे लोक मला फ्लेअरबद्दल जे विचारत असतात, ते इथे एका जागी लिहून ठेवलंय. मी वीसेक वर्षं फायबर मोल्डिंगचं काम करतो आणि जुन्या गाड्यांवर माझा जीव आहे. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. एकदा कापलेला पत्रा परत येत नाही, म्हणून ती लांबू दिली.

1. फ्लेअर म्हणजे नेमकं काय? ते फक्त दिसण्यासाठी असतात का?

चाकाच्या वरच्या कमानीला बाहेरून जोडलेला रुंद काठ म्हणजे फ्लेअर. तो आला शर्यतींमधून. रुंद टायर घातला की तो बॉडीच्या बाहेर येतो, आणि शर्यतीच्या नियमात चाक झाकलेलं असावं लागतं. मग कंपन्यांनीच रुंद कमानी दिल्या. 1971 मध्ये जपानात आलेल्या डॅटसन 240 झेडजीला बोल्टने बसवलेले फ्लेअर कारखान्यातूनच येत. 1973 च्या बीएमडब्ल्यू 2002 टर्बोवरही तसेच होते. म्हणजे बाहेरून दिसणारे बोल्ट ही काही नंतरची जोडतोड नाही, त्या काळातल्या चांगल्या गाड्यांवर ते उघड दिसत.

रस्त्यावरही त्याचा उपयोग आहे. टायर बाहेर आला की पावसात चिखल आणि खडी थेट दारावर, मागच्या गाडीच्या काचेवर आणि शेजारच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडते.

2. फायबरचेच का? पत्र्याचे करून घेतले तर?

चांगला पत्राकाम करणारा कारागीर मिळाला तर पत्र्याचे फ्लेअर उत्तमच. ते वेल्ड होतात, बॉडीसारखेच तापतात आणि त्यांचा सांधा फुटत नाही. पण दुहेरी वळणाचा पत्रा हाताने ठोकून चारही बाजू सारख्या आणणारे हात आता फार थोडे उरलेत. फायबरचा एकदा साचा झाला की तसाच तुकडा पुन्हा निघतो, तो गंजत नाही आणि फुटला तर दुरुस्त होतो. शिवाय बोल्टने लावलेला फायबरचा फ्लेअर काढताही येतो. जुन्या गाडीसाठी मला हा गुण सगळ्यांत मोठा वाटतो.

3. आधी काय घ्यायचं: चाकं, सस्पेंशन की फ्लेअर?

आधी सस्पेंशन, मग चाक-टायर, आणि शेवटी फ्लेअर. माझ्याकडे बिघडून आलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये हाच क्रम उलटा झालेला होता. लोक फ्लेअरचा सेट आधी मागवतात, तो बसवतात, मग त्यात मावतील अशी चाकं शोधतात. नंतर स्प्रिंग बदलली की गाडी दोन इंच खाली येते आणि टायर घासायला लागतो.

गाडीची उंची पक्की होऊ द्या. नवीन स्प्रिंग किंवा पाटे असतील तर दोन-तीनशे किलोमीटर चालवून ते बसू द्या. मग शेवटची ठरलेली चाकं, तोच टायर आणि तीच हवा ठेवून मोजा. माप घेताना बॉडीच्या रेषेवर विश्वास ठेवू नका. त्या काळच्या गाड्या डावी-उजवीकडे तंतोतंत सारख्या नसतात आणि पन्नास वर्षांत एखादा तरी ठोका खाल्लेला असतो. चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोडा आणि तिथून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा.

आता खरी परीक्षा. मागे-पुढे भक्कम स्टँड लावा, कॉइल स्प्रिंग असेल तर ती काढून ठेवा (पाट्याची, म्हणजे लीफ स्प्रिंगची गाडी असेल तर पाटे सैल करा) आणि जॅकने चाक पूर्ण वर, बंप रबरला (चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत न्या. पुढच्या चाकाला हे स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून करा. टायर जिथे जिथे पत्र्याजवळ येतो तिथे खडूने खूण करा. त्या खुणेपासून किमान 25 मिलिमीटर मोकळं हवं, असं मी धरतो. गाडी जमिनीवर उभी असताना कितीही जागा दिसली तरी ती खरी नव्हे. द्वारका चौकातल्या एका खड्ड्यात चाक किती वर जातं ते आठवा.

चाक बाहेर नेलं की बेअरिंगवर जोर वाढतो आणि स्टीअरिंगही बदलतं. स्वस्त स्पेसर (चाक आणि हबच्या मध्ये घालायची चकती) लावून चाक बाहेर ढकलण्यापेक्षा योग्य ऑफसेटचं, म्हणजे हबपासून हवं तितकंच बाहेर बसणारं रिम घ्या. स्पेसर लावून आलेल्या गाडीचं काम मी करत नाही.

4. पत्रा कापावाच लागतो का? किती?

फ्लेअर फक्त बाहेरून डकवला आणि आतली जुनी कमान तशीच ठेवली, तर रुंद टायर वर येताना त्या जुन्या काठावर आदळतो. तो काठ टायरची बाजू चाकूसारखा कापतो. म्हणून बहुतेक वेळा कापावं लागतं. चाक थोडंच बाहेर येत असेल तर काठ आत वळवून भागतं. 3 ऱ्या प्रश्नातल्या खडूच्या खुणा हेच तुम्हाला सांगतात.

पुढचं मडगार्ड सोपं. तो बहुधा एकेरी पत्रा असतो आणि बऱ्याच गाड्यांत बोल्टने सुटतो. फ्लेअर जागेवर धरा, त्याच्या बाहेरच्या कडेने पेन्सिल फिरवा, मग त्या रेषेच्या आत साधारण 25 ते 30 मिलिमीटर पत्रा शिल्लक ठेवून दुसरी रेषा काढा. कापायचं दुसऱ्या रेषेवर. उरलेल्या पट्टीतच बोल्ट येतात.

मागची बाजू मात्र जपून. एमजी बीसारख्या, वेगळी चॅसी नसलेल्या गाड्यांत मागे दोन पत्रे असतात: बाहेरची कातडी आणि आतला चाकाचा डबा. कमानीच्या काठावर ते स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. तुम्ही काठ कापला की तो जोड गेला. मग दोन पत्र्यांमध्ये उघडी फट राहते. पाणी आणि माती तिथून डिकीत जातात, आणि मागच्या भागाची ताकदही कमी होते. तो जोड पुन्हा केलाच पाहिजे. त्यासाठी आधी फक्त बाहेरचा पत्रा कापायचा. आतल्या डब्याच्या काठाला दर दोन-अडीच इंचांवर उभे काप द्यायचे, त्या पाकळ्या बाहेर वळवून बाहेरच्या पत्र्याला टेकवायच्या आणि मिग वेल्डिंग मशीनने टाके मारून वेल्ड करायच्या. मधल्या त्रिकोणी फटी पत्र्याचे तुकडे घालून बंद करा, मग झिंक प्रायमर आणि सीलंट. हे काम दोन दिवस खातं, पण ते टाळू नका.

कापण्याआधी बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी आणि नळी कुठून जाते ते बघा; टाकी जवळ असेल तर उतरवूनच ठेवा. ग्राइंडरची ठिणगी काचेवर पडली की काचेत कायमचे बारीक खड्डे पडतात, म्हणून सगळ्या काचा ओल्या गोणपाटाने झाका.

5. बोल्टने बसवायचे की चिकटवून, लांबी (पुट्टी) भरून बॉडीशी एकजीव करायचे?

स्टीलच्या गाडीला बोल्टने. माझं मत पक्कं आहे आणि ते मी चूक करूनच शिकलो.

सुरुवातीच्या काळात एका गाडीला मी फ्लेअर चिकटवले, सांध्यावर मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) चढवली, लांबी भरली, रंग दिला. सांधा शोधून सापडत नव्हता. दुसऱ्या उन्हाळ्यात चारही चाकांवर केसाएवढी रेघ उमटली, पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरलं आणि रंगाखाली गंजाचे फोड आले. गाडी मालकाला परत देताना मला फार वाईट वाटलं होतं.

कारण साधं आहे. एक मीटर लांबीचं स्टील दर अंश तापमानाला 0.012 मिलिमीटर वाढतं, तर मॅट-रेझिनचं (रेझिन म्हणजे मॅटमध्ये मुरून घट्ट होणारा द्रव) फायबर साधारण दुप्पट किंवा थोडं जास्त. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे 10 अंश असतात आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा 60 च्या वर जातो. या 50 अंशांत मीटरभर स्टील 0.6 मिलिमीटर वाढतं आणि फायबर 1.3 ते 1.5. म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास ओढाताण, दरवर्षी, त्याच रेषेवर. त्यात खड्ड्यांवर बॉडी पिळते ती वेगळी. लांबी ठिसूळ असते, ती हे सहन करत नाही.

तरीही एकजीवच हवे असतील तर साधं पॉलिएस्टर रेझिन स्टीलवर वापरू नका, ते पत्र्याला नीट धरत नाही. पत्रा चमकेपर्यंत घासा, इपॉक्सीचं स्ट्रक्चरल ॲडेसिव्ह वापरा, सांधा सपाट भागावर न ठेवता बॉडीच्या एखाद्या घडीवर किंवा रेषेवर आणा. रेघ उमटणं लांबेल. थांबेलच, अशी हमी मी देत नाही.

6. बोल्ट कोणते आणि किती अंतरावर?

स्टेनलेसचे एम 5 बटणडोकी बोल्ट, 75 ते 100 मिलिमीटरवर, आतून रिव्हनट (पत्र्यातच पक्का बसणारा नट) किंवा मोठा वायसर लावून नट. फ्लेअरमधलं भोक बोल्टपेक्षा मिलिमीटरभर मोठं पाडा, म्हणजे वर सांगितलेली वाढ-घट तिथे मावते. डोक्याखाली नायलॉनचा वायसर घाला. करकचून आवळू नका, फायबर दबून तडकतं. पत्र्यातल्या प्रत्येक भोकाच्या कडेला प्रायमर लावल्याशिवाय बोल्ट घालू नका. फ्लेअर आणि बॉडीच्या मध्ये रबरी बीडिंग घाला. ती फट झाकते, रंग घासू देत नाही आणि दिसायलाही त्या काळाला शोभते.

भोकं मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जा. एका टोकाकडून गेलात तर दुसऱ्या टोकाला फ्लेअर फुगून उभा राहतो.

7. तयार सेट मागवला. बॉडीला लावला तर दोन टोकांना अर्धा इंच फट आहे. माल परत करू का?

थांबा. फायबरचा तुकडा साच्यातून ओला किंवा घाईत काढला की तो थोडा मिटतो किंवा उघडतो. शिवाय तुमच्या गाडीचा पत्राही मूळ आकाराचा नसेल, हे 3 ऱ्या प्रश्नात आलंच आहे. आधी फ्लेअरची कडा वॉटर पेपरने घासून बसवून बघा. अर्धा इंच फट बहुतेकदा दोन-तीन ठिकाणी कडा टेकत असल्यामुळे असते. तरी राहिली तर फ्लेअर मास्किंग टेपने जागेवर धरून हीट गनने सावकाश, हात सहन करेल त्याहून थोडंच जास्त तापवा आणि तसाच थंड होऊ द्या. बोल्टने ओढून फट मिटवू नका. तो ताण कायम राहतो आणि वर्षभरात भोकापाशी कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे येतात.

परत कधी करायचा? उलट्या बाजूने बोटाने दाबल्यावर पांढरा डाग उमटत असेल, मॅटचे धागे कोरडे दिसत असतील, किंवा उजेडासमोर धरल्यावर पातळ-जाड ढग दिसत असतील, तर परत करा.

8. मी स्वतः साचा काढून बनवू शकतो का?

शकता. एक लक्षात घ्या: डाव्या बाजूचा साचा उजवीकडे चालत नाही, आणि पुढचा मागे नाही. म्हणजे चार साचे.

गाडीवरच माती किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) फोमने आकार घडवा, गुळगुळीत करा, त्यावरून साचा घ्या. साच्याला मेणाचे पाच-सहा हात द्या, प्रत्येक हात पूर्ण पुसून. मग अर्धा मिलिमीटर जेलकोट, म्हणजे तुकड्याचा बाहेरचा गुळगुळीत थर. तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, अशा वेळी चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या मॅटचे तीन थर, रोलरने हवा काढत. साधारण तीन मिलिमीटर जाडी मिळते. एका फ्लेअरचं क्षेत्रफळ 0.3 चौरस मीटर धरलं तर सुमारे 400 ग्रॅम मॅट आणि वाया जाणारं धरून एक किलो रेझिन लागतं. मॅट, रेझिन, जेलकोट हे सगळं सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फायबरचं काम करणारे रोज वापरतात. त्यांच्याकडे एक दिवस उभं राहून हात बघा, त्याने जे कळेल ते लिहून सांगता येत नाही.

आता जिवाची गोष्ट. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) आणि कोबाल्ट (ते काम लवकर व्हावं म्हणून घालतात ते) कधीही थेट एकत्र करू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, नंतरच हार्डनर. शक्यतो कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन घ्या. हार्डनर पाण्यासारखा दिसतो, पण डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडायची नाही. गेलाच तर लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि तसेच डॉक्टरकडे जा. उरलेलं रेझिन खोल डब्यात ठेवू नका, ते स्वतःच तापून धूर सोडतं. पसरट ताटात ओता. घासताना मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि जमेल तिथे पाणी मारून घासा. नंतर अंग गार पाण्याने धुवा.

9. डिसेंबरात रेझिन वाळतच नाही. हार्डनर वाढवू का?

थोडा. एक किलो रेझिनला उन्हाळ्यात 10 मिलिलिटर पुरतो, थंडीत 20 पर्यंत जा. त्यापुढे ओतत गेलात तर तुकडा ठिसूळ होतो. 15 अंशांखाली रेझिन सुस्तावतं, आणि नाशिकच्या थंडीत पहाटेचा पारा त्याच्या बराच खाली असतो. सकाळी अकराला काम सुरू करा, साचा आधी उन्हात तापवा, रेझिनचा डबा कोमट पाण्यात ठेवा. स्टोव्ह किंवा शेगडीजवळ कधीच नाही, त्याची वाफ पेट घेते.

पावसाळ्यात अडचण वेगळी: मॅट ओल धरते आणि तुकडा दुधाळ होतो. मॅट प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. संततधार लागली असेल तर मी काम बंद ठेवतो.

10. थर्मोकोलवर आकार घडवला आणि रेझिन लावताच तो विरघळला!

पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्मोकोल खातं. पीयू फोम वापरा.

11. रंग दिल्यावर महिन्याभरात धाग्यांची नक्षी वर आली. का?

फायबर पूर्ण पिकण्याआधी रंग दिला. नवीन तुकडा आठ-दहा दिवस उन्हात राहू द्या, पण गाडीवर बोल्टने धरलेला, म्हणजे वाकणार नाही. मग घासण्याआधी मेण काढायच्या सॉल्व्हंटने पुसा. आधी घासलंत तर मेण ओरखड्यांत शिरतं आणि रंग माशाच्या डोळ्यांसारखा फाटतो. सुईएवढी भोकं लांबीने एकेक भरा, नुसत्या प्रायमरने ती भरत नाहीत. पेंटरला आधी सांगा की तुकडा फायबरचा आहे: भट्टीत 60 अंशांच्या वर नेला तर वाकू शकतो.

12. त्र्यंबक रोडला पावसात गाडी नेली की फ्लेअरच्या आत चिखल साचतो. काय करू?

फ्लेअर आणि कापलेल्या पत्र्याच्या मध्ये जो कप्पा तयार होतो तिथे माती बसते, ती ओली राहते, आणि पत्रा आतून सडतो. वरची फट पीयू सीलंटने भरून उतार करा, म्हणजे माती टिकणार नाही. सगळ्यांत खाली एक बोट जागा उघडी ठेवा. वर अंडरकोटिंग. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पाइप आत घालून धुवा. इगतपुरीकडे जाणाऱ्यांनी प्रत्येक फेरीनंतर.

13. ट्रायम्फ स्पिटफायरला पुढचे फ्लेअर बसवले, आता बॉनेट उघडत नाही.

स्पिटफायर आणि आपल्याकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरॉल्ड, या दोन्हींत बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड मिळून एकच तुकडा असतो आणि तो अख्खा पुढे झुकतो. फ्लेअरही त्याच्याबरोबर फिरतो आणि त्याची आतली कड टायरला अडते. पक्की भोकं पाडण्याआधी फ्लेअर टेपने धरून बॉनेट पूर्ण झुकवून बघा, चाक सरळ आणि वळवून दोन्ही वेळा. तसंच फ्लेअरचं शेपूट दारापर्यंत येत असेल तर दार उघडूनही बघा.

14. आरटीओ आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून काप घालण्याआधी आरटीओत लेखी अर्ज करा, गाडीचे सध्याचे फोटो जोडा आणि पोच घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो.

15. माझी गाडी 1968 ची आहे आणि मला व्हिंटेज नोंदणी करायची आहे. मग फ्लेअर लावावेत का?

कापू नका. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुन्या, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेल्या गाडीलाच व्हिंटेज मानतात आणि 'व्हीए' मालिकेचा क्रमांक देतात. मागची कमान कापून पुन्हा जोडलेली गाडी तिथे अडकू शकते. अशा गाडीला मूळ चाकंच शोभतात, असं मी मालकांना तोंडावर सांगतो.

16. माझ्या गाडीची बॉडीच फायबरची आहे. तिथेही बोल्टच?

नाही, इथे 5 व्या प्रश्नातलं उत्तर उलटं होतं. कॉर्व्हेट 1953 पासून फायबरच्याच बॉडीत आली, आपली सॅन स्टॉर्मही तशीच. दोन्हीकडे एकच पदार्थ असल्यामुळे वाढ-घट सारखी. सांध्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच उतार घासा, जुना रंग आणि जेलकोट पूर्ण काढा, आतून-बाहेरून मॅट चढवा. असा सांधा वर्षानुवर्षं टिकतो. जुनी बॉडी तेलकट असेल तर आधी सॉल्व्हंटने दोनदा धुवा, नाहीतर नवी मॅट सालीसारखी निघते.

17. कापलेले पत्र्याचे तुकडे भंगारात देऊ का?

देऊ नका. कमानीचा मूळ गोलावा नंतर कुठल्याच पुस्तकातून मिळत नाही, तो त्या तुकड्यातच असतो. उद्या तुम्ही किंवा पुढचा मालक गाडी मूळ रूपात आणायला निघाला तर वेल्डरला तेच तुकडे लागतील. प्रत्येकावर मार्करने 'पुढचा डावा', 'मागचा उजवा' असं लिहा, ग्रीस लावा, मेणकापडात गुंडाळा. गाडी विकताना कागदपत्रांबरोबर ते गाठोडंही द्या.